बोटांना आठ दिवस रजा

“हात वर! दोन्ही हात वर कर आधी!”

दरोडा पडावा तसा वन्संचा आवाज घरात घुमला. सत्तेचाळीस वर्षांत मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्या हातातलं पातेलं सुटलं. आमचे हे पेपरसकट खुर्चीतून उठले आणि काय झालंय ते न बघताच त्यांनीही हात वर केले.

स्वयंपाकघरात सिस्टर सिंकपाशी उभी होती. हॉस्पिटलात उघडतात तसा तिनं कोपरानं नळ उघडला होता. हातातले सुती मोजे काढून काखेत धरलेले.

“चुकून झालं हो, मॅडम. सवयीनं.”

“पाणी लागलं का?”

“नाही. उघडला आणि तुम्ही ओरडलात.”

“वहिनी!” आता मोर्चा माझ्याकडे वळला. “तुम्हाला पहाऱ्यावर बसवलं होतं ना मी?”

“जांभई आली वन्सं. जांभईत डोळे मिटतात, त्याला मी काय करू?”

“मग आजपासून जांभई बंद.”

तो चौथा दिवस होता. आठ दिवस सिस्टरच्या हाताला पाणी नाही, साबण नाही, जंतुनाशक नाही, भांडं नाही, फडकं नाही. रजा सिस्टरला नव्हती, तिच्या बोटांना होती. नवव्या दिवशी ती बोटं काचेवर उमटायला हवी होती. नाही उमटली, तर तीन वर्षांच्या एका पोरीची आई आणखी दीड वर्ष फोनमध्येच राहणार होती.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. मी वन्सं म्हणते म्हणून सगळी बिल्डिंग वन्सं म्हणते, आणि त्यांच्या ऑफिसातला वॉचमनसुद्धा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, “राहून गेलं,” जसं काही इस्त्रीचे कपडे आणायचे राहून गेले. व्हिसा केंद्रात नोकरी, बावीस वर्षं एकाच खिडकीवर. काम काय, तर परदेशी जाणाऱ्याच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे. आधी डावी चार, मग उजवी चार, मग दोन्ही अंगठे जोडीनं. असे किती हजार लोक त्यांच्या हातून विमानात बसले देव जाणे, पण बाईनं स्वतःचा पासपोर्ट म्हणून काढला नाही. “मला कुठं जायचंय?” म्हणतात.

पण बोटं! बोटांतलं त्यांना जे कळायचं ते डॉक्टरला कळायचं नाही. समोरच्याचं मनगट हलकेच धरायच्या, एकेक बोट काचेवर टेकवायच्या, आणि तेवढ्यात सांगायच्या, तुम्ही गवंडी, तुम्ही शिंपी, तुम्ही नुसत्या फायली चाळता. एकदा एका साहेबाचा अंगठा धरून म्हणाल्या, “घरी भांडण झालं वाटतं?” साहेब गार पडला. अंगठ्यावर आपटलेल्या दाराची फट उमटली होती. या गोष्टीला वन्सं ‘असं काही झालंच नाही’ म्हणतात, पण त्या कुठलीच मजेची गोष्ट कबूल करत नाहीत.

मग ती तापाची साथ आली. रस्ते असे सामसूम झाले की समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाला उचकी लागली तर आमचे हे इकडून “पाणी प्या” म्हणून ओरडायचे. वन्संचं केंद्र बंद झालं ते सात महिने. आत फायलींचे ढीग, बाहेर कुलूप, आणि फोन उचलायला कुणी नाही. कुणाची नोकरी लटकली, कुणाचं लग्न, कुणाचं शिक्षण. वन्सं रोज सकाळी साडेआठला साडी नेसून, पर्स घेऊन दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. “पर्सला सवय मोडायला नको,” असं म्हणायच्या.

केंद्र उघडलं तेव्हा निम्म्यानं लोक आत घ्यायचे ठरले. पन्नाशीपुढच्यांनी आणखी तीन महिने घरी बसायचं. त्यामुळं वन्संना सर्वांत शेवटी बोलावलं. गेल्या तर खिडकीला छतापर्यंत काच. काचेखाली कागद सरकवायला चार बोटं उंचीची फट. ठसे घ्यायचं यंत्र काचेपलीकडं, अर्जदाराच्या बाजूला. भिंतीवर मोठी पाटी: चेहऱ्याला हात लावू नका. खिडकीवर घड्याळ, माणशी चार मिनिटं. आणि सर्वांत वरचा नियम, अर्जदाराला स्पर्श करायचा नाही. जो करेल त्याला खिडकी सोडावी लागेल.

बाहेर रांग एवढी, की शेवटच्या माणसानं काळी मिशी घेऊन यावं आणि खिडकीशी पांढरी घेऊन पोचावं.

खरी पंचाईत वेगळीच झाली. साऱ्या जगानं वर्षभर हात धुतले होते. साबणानं, औषधानं, दिवसातून चाळीस वेळा. लोकांच्या बोटांवरच्या रेघाच झिजल्या. यंत्र लाल दिवा दाखवायचं, ‘ठसा अस्पष्ट’. पूर्वी वन्संनी हात धरून काम भागवलं असतं. आता काचेआडून नुसतं “जरा दाबा, जरा दाबा” म्हणायचं, माणूस दाबायचा ते भलतंच बोट, आणि चार मिनिटं संपायची. ठसे दोनदा फसले तरी चालतं. तिसऱ्यांदा फसले की फाइल बंद. पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

आमची सिस्टर या रांगेत दोनदा उभी राहून आली होती.

साथीच्या वॉर्डातली नर्स ती. नवऱ्याला परदेशात बेकरीत काम लागलं. त्याचा परवाना आधी आला, मुलीचाही आला, हिचा यायचा होता. हॉस्पिटलला सहा आठवड्यांची नोटीस द्यायची होती म्हणून ठरलं, नवरा, सासूबाई आणि दीड वर्षाची पोर पुढं जाऊ दे, ही सहा आठवड्यांनी मागून जाईल. ते गेले, आणि दहाव्या दिवशी सगळ्या देशांनी दारं लावून घेतली. हॉस्पिटलनं सगळ्यांच्या रजा, राजीनामे रद्द केले. सहा आठवड्यांचे एकोणीस महिने झाले.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा वन्सं घरी होत्या. लाल दिवा. दुसऱ्यांदा खिडकीवर वन्सं स्वतःच होत्या. तेव्हाही लाल दिवा. चार मिनिटं झाली, साहेब मागं येऊन उभे राहिले, आणि वन्संनी बटण दाबलं. पुढचा नंबर.

त्या दिवशी घरी आल्या त्या एकट्या नाही आल्या. मागं ही काडीसारखी पोरगी, डोळे सुजलेले.

“वहिनी, ही आपल्याकडे राहील. नऊ दिवस,” वन्सं म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्यांनी ऑफिसातला टाचणीचा डबासुद्धा घरी आणला नव्हता. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी छताकडं बघितलं.

“राहू दे की,” मी म्हटलं. “पण कोण?”

“हिचे ठसे मी नापास केले.” पर्स खुंटीला लावत वन्सं म्हणाल्या. “मला दिसत होतं, फक्त दोन बोटं नीट टेकत नव्हती. धरली असती तर उमटली असती. मी घड्याळाकडे बघितलं.”

“अहो मॅडम, नियम होता तुमचा,” सिस्टर म्हणाली.

“तू गप्प बस आणि हात दाखव.”

मीही बघितले. अगं बाई! नदीतला गोटा परवडला. बोटांच्या टोकांवर एक रेघ शिल्लक असेल तर शपथ. लाल, कोरडी, कडेनं भेगाळलेली. वॉर्डात दिवसाला शंभर वेळा धुवायचे म्हणाली. एका पेशंटला हात लावायच्या आधी एकदा, नंतर एकदा.

“रेघा जात नाहीत, झोपतात,” वन्सं म्हणाल्या. “पाण्यापासून आठ दिवस दूर ठेवलं तर उठतात. कुटुंब परवान्याचं पत्र महिनाअखेरपर्यंत चालतं. नवव्या दिवशीची वेळ मी बघून ठेवलीय, कुणाची तरी रद्द झाली होती.”

हॉस्पिटलातल्या मेट्रननं, म्हणजे मोठ्या सिस्टरनं, नऊ दिवस सोडलं. वर्षभराच्या साप्ताहिक सुट्ट्या साठल्या होत्या पोरीच्या, नाही म्हणायला तोंड नव्हतं त्यांना.

असा आमच्या घरी संसार सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ ग्लिसरीन चोळून सुती मोजे. केस मी धुवायचे, वेणी मी घालायची, घास मी भरवायचे. पहिल्या दिवशी सिस्टर लाजेनं अर्धमेली झाली.

“आजी, चमच्यानं मी खाते ना. मोजे घालून धरता येतो चमचा.”

“आणि सांडलं म्हणजे? मोजे ओले, बोटं ओली, तुझी पोर तिकडेच. आ कर.”

“मी तेहतीस वर्षांची आहे हो.”

“मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि मला कुणी भरवत नाही. नशीब समज.”

आमचे हे तेवढ्यात म्हणाले, “मी भरवतो की.” लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर हे सुचलं. मी एवढी दचकले की तो घास सिस्टरच्या नाकाला लागला.

रात्री आठला तिकडून फोन यायचा. मोज्यातल्या बोटांना फोन कळत नाही, म्हणून बटण मी दाबायचे. पडद्यावर नवरा यायचा, सासूबाई यायच्या, आणि कधी कधी ती चिमुरडी. आली तरी थांबायची नाही. “फोनवाली आई,” एवढं म्हणायची आणि पळायची. तिच्या लेखी आई म्हणजे फोनमध्ये राहणारी कुणी बाई. सिस्टर हसायची. फोन बंद झाला की मोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायची. हात धुता येत नाहीत, डोळे पुसता येत नाहीत. मग मी पदरानं पुसायचे, आणि पुसताना एखादी लांबलचक थाप मारायचे. आमच्या ह्यांना लहानपणी एका बदकानं कसं वाढवलं, ती खास तिच्यासाठी रचलेली.

रोज रात्री वन्सं चष्मा लावून, टॉर्च घेऊन बोटं तपासायच्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “करंगळी उठली.” सहाव्या दिवशी डाव्या हाताची चारही. घरात असा आनंद, जणू करंगळी बोर्डात पहिली आली.

आणि सातव्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावर धाड्कन आवाज झाला.

खाली पंपवाले काका राहतात. एकटेच. पाण्याचे पंप दुरुस्त करतात म्हणून पंपवाले. स्टुलावर चढून बल्ब बदलत होते, स्टूल सरकलं, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर. मी जिन्यावरून वाकून बघते तोवर माझ्या बाजूनं सिस्टर खाली गेली. गेली म्हणजे काय, वाऱ्यानं कागद जावा तशी. मी ओरडले, “मोजे! अगं मोजे!” तर मोजे जिन्यात पडलेले.

मी पोचले तेव्हा ती काकांच्या मोरीत होती. कोपरानं नळ उघडला, काकांचा तो पंपाचं तेल काढायचा राक्षसी साबण घेतला, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात घासले. एकदा, दोनदा. मी तोंडाला पदर लावून उभी. मग तिनं काकांची जखम धुतली, दाबून धरली, पट्टी बांधली. काका म्हणत होते, “काही नाही हो झालेलं,” आणि रक्त तर त्यांच्या शर्टावरून चपलेत उतरलं होतं. रक्त थांबल्यावर ती उठली, नळापाशी गेली, आणि पुन्हा कोपरापर्यंत घासून हात धुतले. पेशंटच्या आधी एकदा, नंतर एकदा.

हात झटकताना तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं.

“आजी,” ती म्हणाली.

संध्याकाळी वन्संनी दारातूनच ओळखलं. सिस्टर कोपऱ्यात, चोरी करताना पकडल्यासारखी. मी तोंड उघडणार, म्हणजे मी एक गोष्ट तयार करून ठेवली होती, नळ आपोआप फुटला आणि त्यातून कारंजं उडालं अशी. पण वन्संनी हातानं थांबवलं. टॉर्च घेतला. उजवा हात बघितला. बराच वेळ बघितला.

“काकांचं रक्त थांबलं का?”

“थांबलं.”

“टाके?”

“नाही लागणार. पट्टी उद्या बदलायची.”

“ती वहिनी बदलतील.” ग्लिसरीनची बाटली उघडत वन्सं म्हणाल्या, “हात दे.”

नवव्या दिवशी मी सोबत गेले. दारात वॉचमननं अडवलं.

“आजी, फक्त अर्जदार आत.”

“मी अर्जदाराचे हात आहे.”

“काय?”

“हिला कशालाच हात लावायचा नाही. दार कोण ढकलणार, फाइल कोण धरणार, तुम्ही?”

तो विचारात पडला. ताप मोजायची बंदूक त्यानं माझ्या कपाळावर रोखली. आकडा बघून म्हणाला, “चौतीस? आजी, तुम्ही जिवंत आहात ना?”

“अजून तरी. वर जायला व्हिसा लागत नाही, तरी मी घाई केलेली नाही.”

हसला आणि सोडलं. या जगात हसलेला वॉचमन कधी कुणाला अडवत नाही.

आतमध्ये पाय ठेवायला भीती वाटावी एवढं स्वच्छ. वन्सं काचेमागं. मास्क, टोपी, मोजे, नुसते डोळे दिसत होते. ओळखीचं एक अक्षर बोलल्या नाहीत. “टोकन क्रमांक सतरा. डावी चार बोटं ठेवा.”

मी सिस्टरचे मोजे काढले. डावी चार. हिरवा. माझा श्वास सुटला. दोन्ही अंगठे आधी घेऊ म्हणाल्या. हिरवा.

“उजवी चार.”

लाल.

“जरा दाबून.”

लाल.

दोन प्रयत्न गेले. उजवा हात, आधीच मागं राहिलेला, त्यात काकांच्या साबणानं घासलेला. सिस्टर रडत नव्हती, काही नाही. नुसती काचेकडं बघत होती, वॉर्डात मॉनिटरकडं बघत असेल तशी. घड्याळावर अडीच मिनिटं.

वन्संनी बटणावरचा हात काढला.

“मास्क खाली कर,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मास्क खाली. आणि ती चार बोटं कपाळावर घास. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना. अंगचं तेल असतं तिथं, ते बोटांना लागू दे.”

सिस्टरनं वर बघितलं. नेमकी तिच्या डोक्यावर ती पाटी, चेहऱ्याला हात लावू नका. वर्षभर ही बाई साऱ्या दुनियेला हेच सांगत आली होती. पेशंटचे हात धरून खाली करत होती. तिचा हात अर्ध्यात उठला आणि थांबला.

“मॅडम, मला नाही जमणार.”

“तुझे हात स्वच्छ आहेत. तुझ्याइतके स्वच्छ हात या शहरात कुणाचे नसतील. घास!”

तिनं मास्क खाली ओढला आणि कपाळावर बोटं फिरवली. अख्खा हॉल बघायला लागला. एक बाई मुलाचे डोळे झाकती झाली. पलीकडच्या खिडकीवर एकाच्या हातून पेन पडलं. नाकाच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला. मग काचेवर.

वन्सं यंत्राकडं वाकून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांवरून मला कळलं. मधली दोन बोटं नीट टेकत नव्हती. तीच दोन. तीन मिनिटं वीस सेकंद. मागून साहेबांच्या बुटांचा आवाज.

वन्संनी उजव्या हातातला रबरी मोजा ओढून काढला. आणि काचेखालच्या त्या कागदाच्या फटीतून हात बाहेर घातला, थेट कोपरापर्यंत. सिस्टरचं मनगट धरलं. पहिलं बोट टेकवलं. दुसरं. तिसरं जरा फिरवून टेकवलं. चौथं. वर्ष-दीड वर्षात त्या काचेपलीकडं त्यांनी लावलेला पहिला हात. दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

हिरवा.

मी “हिरवा!” म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडले की रांगेतल्या लोकांना वाटलं, सगळ्यांचाच झाला. दहा-बारा जण टाळ्या वाजवून मोकळे झाले.

साहेब पोचले तेव्हा वन्संचा हात अजून फटीतच होता. ब्लाउजची बाही अडकली होती.

“वन्सं, हे काय! नियम माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे साहेब. घरी बसून मीच टाइप केलाय.”

“मग?”

“मग मी खिडकी सोडते. आधी बाही सोडवा.”

चौदा दिवस वन्संना घरी बसवलं. ताप नाही, खोकला नाही. पंधराव्या दिवशी गेल्या तर खिडकीवर दुसरी मुलगी आणि यांना मागच्या खोलीत पाकिटांवर. वकिलातीतून पासपोर्ट बंद पाकिटात येतात. त्यावर पत्ता चिकटवायचा, रवाना करायचं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, ते सगळे तिथंच. मी फणफणले. तुमच्यासारखी बोटं कुणाला कळतात, साहेबाला मी जाऊन सांगते, वगैरे. वन्सं म्हणाल्या, “तिथं खिडकी आहे वहिनी. उघडणारी.” आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला निघाल्या.

पाकिटात व्हिसा आहे की नकार, हे पाकीटवाल्यांनाही ठाऊक नसतं. ठाऊक झालं तरी बोलायचं नसतं. एका संध्याकाळी वन्सं आल्या, पाय धुतले, बसल्या आणि म्हणाल्या, “चहात जरा साखर घाला आज.”

बारा वर्षं बिनसाखरेचा पिणारी बाई! मी गॅस बंद केला.

“सिस्टरचं पाकीट आलं?”

“मी कुठं काय म्हटलं?”

“जाड होतं की पातळ?” मला माहीत होतं. नकार असला की आत घडी केलेलं पत्र असतं.

“वहिनी, मी शपथेवर नोकरी करते.”

“मग बोलू नका. पातळ असेल तर दोन चमचे घालते, जाड असेल तर एक.”

वन्संनी पदरानं चष्मा पुसला. अगदी सावकाश पुसला.

“तीन घाला,” त्या म्हणाल्या.

पाकीट तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या हातात पडलं. मग विमान दोनदा रद्द झालं. तिसरं उडालं. पंपवाले काकांनी कपाळावरची खूण मिरवत तिची बॅग खाली नेली. तिकडं उतरल्यावर चौदा दिवस एका हॉटेलच्या खोलीत एकटीनं राहायचं होतं. दारापर्यंत जेवणाचा ट्रे यायचा, माणूस यायचा नाही. मी रोज फोनवर एक नवी थाप पाठवायचे. बदकाचं कुटुंब तोवर बरंच वाढलं होतं.

पंधराव्या दिवशी रात्री फोन वाजला. वन्संनीच उचलला. मी त्यांच्या खांद्यावरून डोकं घातलं.

फोन नवऱ्याच्या हातात होता. पडद्यावर एक दार, दारात सिस्टर. खांद्याला बॅग, अंगात जाड कोट. आत यायचं धाडस होत नसल्यासारखी उंबऱ्यातच उभी. पलीकडं सोफ्यावर ती चिमुरडी, हातात खेळण्यातली कसलीशी चाकाची गाडी. पुढं येत नव्हती, पळतही नव्हती. नुसती निरखत होती.

“बाबा, ही फोनमधली आई आहे?”

“हो.”

“मग बाहेर कशी आली?”

सिस्टर खाली बसली, तिथंच, दारात. दोन हात पुढं केले नाहीत, बोलावलं नाही. शहाणी पोरगी. वॉर्डात घाबरलेल्या माणसाजवळ असंच बसत असेल.

पोरीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. पायाशी नजर थांबली.

“बूट काढ,” ती म्हणाली. “घरात बूट घालून राहायचं नसतं.”

नवऱ्यानं घाईनं फोन खाली ठेवला असावा. एकदम पडदा पांढरा झाला. नीट बघितलं तर ते त्यांच्या घराचं छत होतं. मधोमध एक दिवा, कोपऱ्यात थोडी ओल आलेली.

“बघा वन्सं, परदेश,” मी म्हटलं.

“छत आहे ते, वहिनी.”

तिकडून बूट पडल्याचा आवाज आला. एक. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. कुणीतरी काहीतरी म्हणालं, कुणीतरी नाक ओढलं, आणि ती चाकाची गाडी फरशीवरून घर्रकन कुठून तरी कुठं तरी गेली, आणि परत आली.

“ठेवू का?” वन्संनी विचारलं.

“ठेवा की. ते विसरलेत आपल्याला.”

वन्संनी फोन ठेवला नाही. त्यांनी तो टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघी ते छत बघत बसलो.